रशियन काकूंची पसंती

रशियन काकू माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी हाताकडे. कुणी नवीन भेटलं की नमस्काराला जोडलेले हात त्या क्षणभर तपासत आणि मगच नजर वर करत. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. आमच्या भिलाईच्या सेक्टरमधल्या एखाद्या बाईबद्दल बोलताना म्हणायच्या, "ती नाही का, रुंद पंज्याची, करंगळी आखूड असलेली." ऐकणाऱ्याला काही बोध होत नसे, पण काकूंना वाटे आपण अगदी पत्त्यासकट सांगितलं. एकदा सुपेल्याच्या बाजारात त्या एका भाजीवाल्याला म्हणाल्या, "भैया, आपका हाथ बहुत अच्छा है. पियानो की दस पट्टी आराम से पकड़ेगा." त्या बिचाऱ्यानं काहीच न कळून दोन काकड्या वर घातल्या.

त्या रशियन नव्हत्या. माहेर नागपूरच्या महालातलं, नाव कुसुम, आणि स्वयंपाकात हात गोळाभातावर बसलेला. नागपुरात नन्सच्या शाळेत असताना मॅट्रिकपर्यंत पियानो शिकल्या. मग लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर भिलाईला आल्या. ते साठचं दशक होतं. पोलादाचा कारखाना उभा करायला आलेल्या रशियन इंजिनिअरांची कुटुंबं तेव्हा टाउनशिपमध्ये राहायची. त्यातली गालिना नावाची एक बाई पियानो रीतसर शिकून आलेली होती आणि तिनं येताना आपला उभा पियानोही आणला होता. खिडकीतून सूर ऐकून काकू एक दिवस तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ह्यांना रशियन येत नाही, तिला हिंदी येत नाही. तरी ती चार वर्षं शिकवत राहिली आणि ह्या शिकत राहिल्या. चुकलं की गालिना टाळूला जीभ लावून "च्च" करायची. बरोबर आलं की काहीच करायची नाही. परत जाताना तिनं पियानो काकूंच्या घरी ठेवला आणि त्या दिवसापासून सेक्टरनं ह्यांना रशियन काकू करून टाकलं.

ती "च्च" करायची सवय त्यांनी जशीच्या तशी उचलली. आम्हा विद्यार्थ्यांपैकी कुणालाही त्यांच्या तोंडून "छान" हा शब्द ऐकायला मिळाला नाही. काकू गप्प बसल्या की समजायचं, जमलं.

त्यांचे यजमान रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये अधिकारी होते. तिथल्या आवाजात त्यांचे कान बसले होते, आणि काकू म्हणत की त्यामुळेच आमचा संसार झाला. आम्ही तासन्‌तास एकच ओळ घोटत असू आणि साहेब शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. कारखान्याची लालसर धूळ रोज पट्ट्यांवर बसायची. काकू सकाळी देवपूजेआधी ओलसर फडक्यानं पट्ट्या पुसायच्या. मे महिन्यात लाकूड तडकू नये म्हणून पियानोच्या पोटात, खालची फळी काढून, पाण्यानं भरलेली काचेची बरणी ठेवायच्या. एखाद्या गाईला पाणी दाखवावं इतक्या सहज त्या बरणीत पाणी भरत.

मी त्यांच्याकडे आले ती शाळेमुळे. माझे बाबा भिलाई-३च्या यार्डात मालगाड्यांचे डबे तपासायचे. आम्ही भंडाऱ्याकडचे. आजोबांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेली, आणि घरात एकच नियम होता, शिकण्याला नाही म्हणायचं नाही. शाळेच्या प्रार्थनेला काकू पियानो वाजवायला येत. प्रार्थना संपली की मी तिथंच रेंगाळायची. एक दिवस त्यांनी मला बसवलं, हात उलटसुलट करून बघितला आणि बाबांना बोलावून घेतलं.

"हात लहान आहे," त्या बाबांना म्हणाल्या. "पण अंगठा मोकळा आहे. पाठवून राहिलात तर मी शिकवीन."

बाबांना अंगठ्याचं काही कळलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुमी शिकवत असान तं ते येईन. पावसात बी येईन."

घरी पियानो असण्याचा प्रश्नच नव्हता. शाळा सुटली की मी काकूंकडे जायची, तिथंच डबा खायची, बाकीच्यांचे धडे होईपर्यंत अभ्यास करायची आणि मग संध्याकाळी माझा सराव. बाबांची ड्यूटी संपली की ते सायकलवर घ्यायला येत आणि फाटकाबाहेर थांबत. काकू आत बोलवायच्या. ते म्हणायचे, "कपड्याले तेल हाय मॅडम." हा संवाद कितीतरी वर्षं चालला आणि दोघांनीही त्यात एका शब्दाचा बदल केला नाही.

काकूंचं खरं वेड म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं पियानोचं संगीत, ज्याला रोमँटिक म्हणतात ते. मोठ्या मनाचं, मोठ्या आवाजाचं आणि वाजवणाऱ्याचा घाम काढणारं. ते लिहिणाऱ्यांची नावं त्या कधी घेत नसत. आपल्याकडे जसं वर्ध्याचे मामा, अकोल्याची मावशी म्हणतात, तसं त्या गावावरून नाहीतर देशावरून बोलत. पोलंडचे, हॅम्बर्गचे, लाइप्झिगचे, हंगेरीचे. "पोलंडच्यांकडे जायचं तर मनगट मऊ करून जावं. हॅम्बर्गचे वरून कडक, पण आत फार प्रेमळ. हंगेरीच्यांकडे तर बाप्पा, पाहुण्यालाच राबवून घेतात." मला बरीच वर्षं वाटत असे की ही त्यांची लांबची नातेवाईक मंडळी आहेत आणि कधीतरी सुटीत भिलाईला येतील.

ह्या मंडळींपैकी कुणाकडे कधी जायचं, हे ठरवणं म्हणजे त्यांच्या मते निम्मं शिक्षण होतं. "वाजवायला पुष्कळ जण शिकवतात," त्या म्हणायच्या. "काय वाजवू नये हे कुणी सांगत नाही." विद्यार्थी थोडे मोठे झाले की रेकॉर्डवर काहीतरी भव्य ऐकून येत आणि तेच हवं म्हणत. काकू कुणालाही सरळ नाही म्हणत नसत. त्या म्हणायच्या, "आण. पण पहिलं पान नको. सगळ्यात अवघड जागा शोध आणि तेवढीच आण." कारण बहुतेक मोठ्या रचना पहिल्या पानावर गोड बोलतात. आत कुठेतरी, बहुधा शेवटाकडे, त्या आपलं खरं रूप दाखवतात. तोवर विद्यार्थ्याचे तीन महिने गेलेले असतात आणि सोडवतही नाही. "स्थळ बघायला गेलं की दिवाणखान्यात काय बसायचं," त्या म्हणत. "उठून स्वयंपाकघर बघून घ्यावं."

ती अवघड जागा आठ दिवस हळूहळू वाजवून बघायची. आठव्या दिवशी पहिल्यापेक्षा थोडी जरी मोकळी झाली, तर रचना आपली. तशीच अडून राहिली किंवा हात दुखायला लागला, तर तिला नमस्कार करून ठेवून द्यायचं, ह्या वर्षापुरतं. रचनेतला बराचसा भाग हाताला ओळखीचा वाटला पाहिजे आणि थोडा अनोळखी, असं त्यांचं म्हणणं होतं. "सगळंच ओळखीचं असेल तर शिकशील काय? आणि सगळंच अनोळखी असेल तर अक्षरं लावण्यातच जन्म जाईल." हळू चालीच्या रचनेला सोपं म्हणणाऱ्यावर मात्र त्या चिडत. "जलद वाजवताना चूक पळून जाते. हळू वाजवताना ती समोर येऊन बसते."

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा वरच्या परीक्षेचं ठरलं. लंडनच्या एका संस्थेचे परीक्षक हिवाळ्यात कलकत्त्याला येत. पाऊण तासाचा कार्यक्रम आपण निवडून त्यांच्यासमोर वाजवायचा असे. त्या वर्षी काकूंचे दोन विद्यार्थी बसणार होते, मी आणि अनिर्बाण. अनिर्बाण बंगाली, बाप कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं अगदी सरळ आणि हात असे की एखाद्यानं बघत राहावं. काकूंनी त्याला हंगेरीच्यांची एक दणदणीत रचना दिली. मला हवा होता पोलंडच्यांचा एक बॅलड. बॅलड म्हणजे शब्दांशिवाय सांगितलेली मोठी गोष्ट. तो मी टाउनशिपच्या क्लबात रेकॉर्डवर ऐकला होता आणि त्यानंतर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आण," काकू म्हणाल्या. "शेवटची दोन पानं आण."

ती दोन पानं म्हणजे दोन्ही हातांची धावपळ, लांब उड्या, आणि सगळं शेवटाकडे वेग वाढवत जाणारं. माझ्या पंज्यात एक सप्तक जेमतेम मावायचं. मी आठ दिवस बसले, मग आणखी आठ दिवस मागून घेतले. बोटं पोचत होती, पण पोचण्यातच सगळी शक्ती जात होती. कोपरापासून मनगटापर्यंत तार ओढल्यासारखी कळ येऊ लागली. काकूंनी दोनदा "च्च" केलं आणि तिसऱ्यांदा पियानोवरचं पुस्तक मिटून दुसरं उघडलं. हॅम्बर्गच्यांनी उतारवयात लिहिलेला एक इंटरमेझो होता तो. तीन-चार पानांचा, अंगाईसारखा.

मी घरी आले आणि जेवले नाही. आईनं विचारलं तेव्हा सांगितलं की अनिर्बाणला मोठं दिलं, मला लहान दिलं.

आईनं हातातली परात खाली ठेवली. "सायबाच्या पोराले मोठं, आपल्या पोरीले लहान," ती म्हणाली. "हे का आजचं हाय?"

बाबांनी जेवण उरकलं आणि सायकल पुसायला घेतली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते यार्डातून थेट न येता घरी जाऊन, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले. फाटकाबाहेर थांबले नाहीत. आत आले, काकूंनी दिलेल्या खुर्चीवर बसले. साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"मॅडम, एक इचारतो," बाबा म्हणाले. "राग नका मानू. आमच्या पोरीले लहान कावून देऊन राहिले?"

मी पियानोपाशी उभी होते. मला जमिनीत जावंसं वाटलं. काकू मात्र गडबडल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले, बाबांच्या समोर स्टूल ओढून घेतलं.

"विचारलंत हे बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मनात ठेवून गेला असतात तर मला कळलंही नसतं. आमच्या लोकांनी तुमच्या लोकांच्या ताटात काय वाढलंय ते मला माहीत नाही असं नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही येऊन विचारलं असतं. पण हे लहान नाही. मी सांगून काय उपयोग? तुम्ही ऐका."

त्यांनी मला आधी बॅलडची शेवटची दोन पानं वाजवायला लावली. मी जीव तोडून वाजवली. मग इंटरमेझो. तो तर मला अजून नीट येतही नव्हता, एक पानच जेमतेम बसलं होतं. त्यातली चाल सगळ्यात वर नसते. वर आणि खाली तोच तोच सूर वाजत राहतो, आणि चाल मधल्या बोटांत दडलेली असते. बाकीचे सूर दाबून ती मधली चाल ऐकू आणायची, एवढंच काम. मी तेवढं एक पान वाजवून थांबले.

 बाबा जमिनीकडे बघत होते.

"बॅलड हिचाच आहे," काकू म्हणाल्या. "मी देणार आहे, हिनं नाही मागितला तरी देणार आहे. पण आज दिला तर हात दुखावेल. आणि दुसरं सांगू का? अनिर्बाण कलकत्त्याला अडखळला तर लोक म्हणतील, त्या दिवशी पोराची तब्येत बरी नव्हती. ही अडखळली तर म्हणतील, हिला झेपणारच नव्हतं. हिला मी अडखळू देणार नाही."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरं." चहा घेतला. त्या घरात त्यांनी घेतलेला तो पहिला चहा.

सायकलवर मागे बसून परतताना मी विचारलं, "बाबा, तुम्हाले काय वाटलं?"

त्यांनी समोरून आलेला ट्रक जाऊ दिला. मग म्हणाले, "पयलं वाजवताना मी तुह्या खांद्याकडंच पाहून रायलो. लय कष्ट करून रायली होती तू. दुसऱ्यात तू दिसलीच नाई. गानंच आयकू आलं." आणि थोड्या वेळानं, "तरी इचारलं ते बरं केलं. इचारून ठेवा लागते."

आईला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. पण त्यानंतर ती डब्यात काकूंसाठी वेगळी भाकरी आणि ठेचा देऊ लागली. काकू तो ठेचा खाऊन नाक पुसत पुसत धडा घ्यायच्या.

माझा कार्यक्रम काकूंनी दोन महिन्यांत बांधला. सुरुवातीला हात गरम करणारं काहीतरी खणखणीत, पण आवाक्यातलं. मग पोलंडच्यांचा एक निशागीत म्हणावा असा नॉक्टर्न. मग बोटं मोकळी पळतील असा एक एट्यूड, म्हणजे सरावासाठी रचलेला तुकडा, कारण लहान हाताला वेग सोपा जातो आणि ते परीक्षकाला दिसलंही पाहिजे. आणि शेवटी तो इंटरमेझो. "शेवट मोठ्या आवाजात करायचा नाही का?" मी विचारलं. "कशाला?" त्या म्हणाल्या. "तुझं सगळ्यात चांगलं जे आहे ते शेवटी ठेव. तुझं सगळ्यात चांगलं मोठं नाहीये."

कलकत्त्याला काकू, मी, बाबा आणि अनिर्बाण असे चौघं गेलो. बाबांनी रजा काढली होती. परीक्षक जाड भुवयांचे वयस्कर गृहस्थ होते आणि माझं वाजवून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. इंटरमेझो संपला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. हा कार्यक्रम कुणी निवडला? मी म्हणाले, माझ्या टीचरनी. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं.

बाहेर येऊन मी काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? दुसरं कोण निवडणार?" आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रामकडे फार वेळ बघत राहिल्या. अनिर्बाणनंही हंगेरीची रचना फार सुंदर वाजवली. तो अडखळला नाही. आम्ही दोघंही पास झालो. पुढे तो इंजिनिअर होऊन परदेशी गेला आणि पियानो सुटला. काकूंना त्याचं वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, "त्याला वाजवायला आवडायचं. तुला वाजवल्याशिवाय करमत नाही. दोन्हीत फरक आहे आणि दोन्ही बरोबर आहे."

बॅलड त्यांनी दोन वर्षांनी दिला. एका दुपारी पुस्तक उघडून समोर ठेवलं. शेवटची दोन पानं मी पुन्हा हळूहळू वाजवायला घेतली. पंजा मोठा झाला नव्हता. पण मधल्या काळात काकूंनी निवडून निवडून वाजवायला लावलेल्या बारक्या गोष्टींतून मनगट कुठे सोडायचं आणि बोट कुठे नुसतं टेकवायचं, ते कळलं होतं. कळ आली नाही. त्या हिवाळ्यात क्लबच्या एका कार्यक्रमात मी तो वाजवला. आईबाबा पहिल्या रांगेत बसले होते. आई नंतर मला म्हणाली, "मले तं तुह्यं ते अंगाईवानी होतं तेच बरं वाटलं." काकू शेजारीच होत्या. त्या इतक्या हसल्या की साहेबांनी, काही ऐकू आलं नसताना, त्यांना पाणी आणून दिलं.

साहेब निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. पियानो ट्रकमध्ये गाद्या रचून नागपूरला नेला. तिथं मुलाचं तळमजल्यावरचं घर होतं. मी तेव्हा भिलाईतच एका शाळेत संगीत शिकवायला लागले होते आणि लग्न होऊन वैशाली नगरात राहत होते. वर्षातून दोन-तीनदा नागपूरला जाणं होई आणि स्टेशनवरून मी आधी काकूंकडे जायची.

दर भेटीत त्यांच्या बोटांचे सांधे थोडे जास्त सुजलेले दिसत. त्याबद्दल त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. इतरांच्या हातांना जो हिशेब लावला तोच त्यांनी स्वतःला लावला. एकेक रचना त्या सोडत गेल्या. "हंगेरीच्यांकडे जाणं तर केव्हाच बंद केलं," एकदा म्हणाल्या. पुढच्या वेळी, "पोलंडच्यांचे एट्यूड संपले. नॉक्टर्न आहेत अजून, एक-दोन." त्यानंतरच्या दिवाळीला, "हॅम्बर्गच्यांना नमस्कार सांगितला. सप्तक पकडवत नाही आता." साहेब गेले त्या वर्षी त्यांनी पियानोला महिनाभर हात लावला नाही. मग पुन्हा सुरू केलं. "घर फार शांत झालं बघ," एवढंच म्हणाल्या.

एका पावसाळ्याच्या शेवटी मी गेले तेव्हा त्या पियानोसमोर नुसत्या बसल्या होत्या. समोर पुस्तक नव्हतं.

"माझ्याकडचं सगळं संपलं," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताची तीन बोटं चालतात, उजव्याची चार, तीही हळू. मला आता माझं बघून ठरवता येत नाही. कधी वाटतं सगळं येईल, कधी वाटतं काहीच नाही. तू निवड माझ्यासाठी."

मी त्यांचे हात हातात घेतले आणि बराच वेळ बघितले. कुठली बोटं वळतात, कुठली नाही, ते त्यांनी शांतपणे दाखवलं. पुढच्या भेटीत मी लाइप्झिगच्यांनी मुलांसाठी लिहिलेलं एक पान घेऊन गेले. गोड, संथ आणि हाताला कुठेही न ताणणारं. काकूंनी चष्मा लावला, पान वाचलं आणि तिथल्या तिथे, न थांबता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. मला आनंद झाला. त्यांनी चष्मा काढला.

"हे तू माझ्या आजाराला निवडलंस," त्या म्हणाल्या. "मला नाही."

मी ते पान परत पिशवीत ठेवायला लागले.

"तुझे बाबा त्या दिवशी उगाच आले नव्हते," त्या म्हणाल्या. "लहान देऊन माणसाला बसवून ठेवता येतं. नाही गं, तू तसं केलं नाहीस, मला माहीत आहे. तू मायेनं केलंस. पण थोडं अवघड दे."

भिलाईला परतल्यावर मी बरेच दिवस शोधत होते. शाळेतून आले की पुस्तकं पसरून बसायची, काकूंची सात बोटं डोळ्यासमोर ठेवून एकेक पान हातानं तपासायची. शेवटी नॉर्वेच्या एका संगीतकाराची छोटी रचना सापडली. चाल संथ आणि एकेरी होती, चार बोटांत बसणारी. मधल्या भागात मात्र दाट सूर होते आणि अगदी शेवटाला डाव्या हाताला एक लांब उडी होती. मी भीतभीतच ती घेऊन गेले.

"नॉर्वेचे?" काकू म्हणाल्या. "यांच्याकडे आपण कधी गेलोच नाही गं." त्यांनी पान उलटलं आणि सरळ मधल्या भागावर बोटं ठेवली. सूर चुकले. पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा थोडे कमी चुकले. मग त्यांनी ती शेवटची उडी एकदा करून बघितली आणि हात भलतीकडेच पडला. त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या घरी शिकत असतानाच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. एखाद्या नव्या मुलीला पहिलं पुस्तक मिळावं तसं.

"पेलेल," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यापर्यंत पेलेल."

त्या फाल्गुनात गेल्या. झोपेतच. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि घरात पाहुणे बसलेले होते. सूनबाई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. पियानोचं झाकण लावलेलं होतं, त्यावर ते पुस्तक. त्यांनी सांगितलं की काकू रोज सकाळी आंघोळ झाली की गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या, आधी बोटं शेकायच्या आणि मग वाजवायच्या. पहिलं पान लवकर पाठ झालं. मधला भाग संक्रांतीच्या सुमारास बसला, तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावून ऐकवला होता.

"आणि शेवट?" मी विचारलं.

"ते शेवटी डाव्या हाताचं काहीतरी आहे ना," सूनबाई म्हणाल्या, "ते नाही जमलं. रोज तिथपर्यंत यायच्या, हात उचलायच्या, चुकायच्या. मग झाकण लावून म्हणायच्या, उद्या. परवा सकाळीही तसंच म्हणाल्या."